क्लॉक वाढवण्याआधी व्होल्टेज बघा: एम्बेडेड बोर्डांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पंपाचे स्टार्टर, ड्रिपचे कंट्रोलर, केळी पिकवण्याच्या चेंबरची पॅनेलं, जिनिंगमधले छोटे बोर्ड बनवणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी पुष्कळ आहेत. डिप्लोमाची पोरंही प्रोजेक्टसाठी येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. उडी मारत वाचलंत तरी चालेल, पण पाचवा प्रश्न सोडू नका.

१. बोर्ड स्लो वाटतोय. क्लॉक वाढवला तर काम होईल ना?

होईलही (क्लॉक म्हणजे प्रोसेसर ज्या ठोक्यावर चालतो तो, मेगाहर्ट्झमध्ये मोजलेला), पण आधी वेळ कुठे जातोय ते बघा. पंपाच्या कंट्रोलरला वेग कमी पडतोय असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा कोडमधले डिले बघतो. विहिरीतलं पाणी मायक्रोसेकंदात उतरत नाही. तिथे ७२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर अडतो तो बहुतेक वेळा डिस्प्लेला किंवा जीएसएम मॉड्यूलच्या उत्तराला ताटकळत बसल्यामुळे. क्लॉक दुप्पट केला तर तो दुप्पट वेगाने ताटकळेल.

दुसरी जागा म्हणजे दशांश आकडे. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश गणिताचं) हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने होतं. त्याच घराण्यातल्या एफ४०७ मध्ये आहे, पण फक्त सिंगल प्रिसिजनचं (३२ बिटांचं). कोडमध्ये नुसतं ३.१४ लिहिलंत तर सी भाषा ते डबल (६४ बिटांचं) धरते आणि हार्डवेअर असून नसल्यासारखं होतं. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आणि सिरियलचं काम डीएमएवर (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग) टाका, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू आहे का बघा. एवढं करूनही कमी पडलं, म्हणजे कॅमेऱ्यावरून केळीची प्रतवारी करायची आहे किंवा मोटारीच्या करंटचं वेव्हफॉर्म जागच्या जागी तपासायचं आहे, तर मग क्लॉकचा विषय खरा.

२. क्लॉकचा आणि व्होल्टेजचा नेमका संबंध काय?

चिपच्या आतला प्रत्येक ट्रान्झिस्टर पुढच्याच्या गेटवरची कपॅसिटन्स भरतो-रिकामी करतो. व्होल्टेज जास्त तर भरणं लवकर. क्लॉकचा पुढचा ठोका पडायच्या आत सगळ्यात लांबच्या वाटेवरचा सिग्नल पोचला पाहिजे. नाही पोचला तर चुकीचा बिट पकडला जातो आणि प्रोग्राम भलतीकडे जातो. म्हणून प्रत्येक वेगाला किमान एक व्होल्टेज लागतं.

एटीमेगा३२८पी घ्या, आर्डुइनो ऊनोवरचा, सगळ्यांच्या हातातला. २० मेगाहर्ट्झसाठी त्याला ४.५ व्होल्ट लागतात, १० साठी २.७, आणि १.८ व्होल्टवर तो ४ मेगाहर्ट्झपर्यंतच चालवायचा. २.७ ते ४.५ च्या मध्ये सरळ रेष धरायची. त्या हिशोबाने ३.३ व्होल्टवर सुमारे १३.३ मेगाहर्ट्झ बसतात. तरीही पुष्कळ जण १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून ३.३ व्होल्टवर चालवतात. टेबलावर तो चालतो, म्हणून सवय लागते. ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी ८ मेगाहर्ट्झचा असतो, तो याच कारणाने.

मोठ्या प्रोसेसरवर हेच कोष्टकात दिलेलं असतं. बीगलबोन ब्लॅक या लिनक्सच्या बोर्डवरच्या एएम३३५८ प्रोसेसरला ६०० मेगाहर्ट्झला १.१ व्होल्ट लागतात, ८०० ला १.२६ आणि १ गिगाहर्ट्झला १.३२५. आता खर्च बघा. चालू असताना जाणारी पॉवर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६०० वरून १००० वर गेलात तर वेग १.६७ पट, पण पॉवर साधारण २.४ पट. ही वाढीव पॉवर रेग्युलेटरने द्यायची आणि तिची उष्णता डब्याने बाहेर टाकायची. क्लॉकचं रजिस्टर बदलणं त्यातलं सगळ्यात सोपं काम.

३. कोअरचं (प्रोसेसरच्या गाभ्याचं) व्होल्टेज थोडं चढवून डेटाशीटच्या वर नेलं तर?

प्रोजेक्टमध्ये मजा म्हणून करा. गिऱ्हाइकाच्या पॅनेलमध्ये नको. कंपनीने स्वतः मर्यादा वाढवली तर गोष्ट वेगळी. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डवरच्या आरपी२०४० चिपची अधिकृत मर्यादा १३३ मेगाहर्ट्झ होती, कोअर १.१० व्होल्टवर. २०२५ मध्ये रास्पबेरी पायने त्याला २०० मेगाहर्ट्झची मान्यता दिली, पण कोअर १.१५ व्होल्टवर ठेवायच्या अटीवर. त्या ०.०५ व्होल्टशिवाय २०० वर गेलात तर ती मान्यता तुम्हाला लागू नाही. आणि फ्लॅशचा (प्रोग्राम साठवणारी मेमरी) क्लॉक सिस्टीम क्लॉकला भागून येतो, त्यामुळे कोअर पळवला की फ्लॅशही पळते. बोर्डवरची फ्लॅश तेवढ्या वेगाची आहे का ते आधी तपासा. कोअर ठणठणीत आणि फ्लॅशच चुकीचं वाचतेय, असं होतं.

४. एसटीएम३२ वर क्लॉक वाढवला की हार्डफॉल्ट येतो. का?

हार्डफॉल्ट म्हणजे प्रोसेसर चुकीत अडकून थांबणं. बहुतेक वेळा फ्लॅशच्या वेट स्टेट (वाचताना द्यायचे थांबे) लावायच्या राहिलेल्या असतात. कोअर पळतो, फ्लॅश त्या वेगाने वाचता येत नाही, म्हणून मध्ये थांबे द्यावे लागतात. एफ१०३ वर २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य, ४८ पर्यंत एक, ७२ पर्यंत दोन. एफ४०७ वर सप्लाय २.७ व्होल्टच्या वर असेल तर दर ३० मेगाहर्ट्झला एक, म्हणजे १६८ ला पाच. सप्लाय त्याहून खाली असेल तर त्याच वेगाला जास्त वेट स्टेट लागतात. हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

क्रमही महत्त्वाचा. वर जाताना आधी आतल्या रेग्युलेटरची पातळी चढवायची, मग वेट स्टेट वाढवायच्या, त्या लागू झाल्या का हे रजिस्टर परत वाचून बघायचं, बसचे (चिपच्या आतल्या डेटाच्या वाटा) भाजक लावायचे आणि शेवटी पीएलएलवर (क्लॉक वाढवून देणारा भाग) जायचं. खाली येताना उलट. एफ४०७ वर १४४ च्या पुढे जायचं तर रेग्युलेटर स्केल १ वरच हवा. त्याच्या दोन व्हीकॅप (आतल्या रेग्युलेटरच्या कपॅसिटरच्या) पिनांवर प्रत्येकी २.२ मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) सिरॅमिक कपॅसिटर लागतो. एका बोर्डवर त्या जागी १०० नॅनोफॅरड (त्यावर १०४ छापलेलं असतं) लावलेले सापडले, कारण ‘सगळीकडे १०४ च तर लागतो’. तो बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर व्यवस्थित चालायचा आणि १६८ वर मनाला येईल तेव्हा मरायचा.

बसच्या मर्यादाही पाळा. एफ१०३ ची एपीबी१ बस ३६ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीसीचा क्लॉक १४ पर्यंत. एफ४०७ ची एपीबी१ ४२ आणि एपीबी२ ८४ पर्यंत.

५. टेबलावर दिवसभर चालतो, शेतात लावला की रीसेट मारतो. चिप डुप्लिकेट आहे का?

असेलही, पण शंभरातल्या बहुतेक भानगडी चिपच्या बाहेरच्या असतात. शेतातली लाइट आणि तुमच्या टेबलावरची लाइट एक नाही. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला पंप, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. ५ एचपीची मोटार थेट स्टार्टरवर सुरू होताना चालू करंटच्या सहा पटीच्या आसपास ओढते. ७.५ अँपिअरची मोटार त्या क्षणी ४५ अँपिअर. लाइन तेवढा वेळ बसते, आणि तुमचा कंट्रोलर त्याच लाइनवर असतो. मोटार चालू करण्याचा हुकूम देणारा बोर्ड मोटार चालू होताच स्वतः मरतो, रिले सुटतो, बोर्ड उठून पुन्हा हुकूम देतो. शेतकरी सांगतो, ‘स्टार्टर टकटक करतं’.

पॅनेलमध्ये साधा ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरड आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) आहे असं धरा. २३० ला ठीक. लाइन १६० वर आली की सेकंडरी ६.२६ व्होल्ट. त्याचं शिखर ८.८५, ब्रिजचे १.४ गेले, उरले ७.४५. बोर्ड ३०० मिलीअँपिअर ओढत असेल तर दोन शिखरांच्या मध्ये कपॅसिटर दोन-अडीच व्होल्ट खाली येतो. म्हणजे तळ ५ व्होल्टच्या आसपास, आणि ७८०५ ला आत सुमारे ७ हवेत. बाहेरचे ५ व्होल्ट सेकंदाला १०० वेळा खचतात. मल्टीमीटर त्याची सरासरी काढून ४.७ दाखवतो आणि तुम्ही म्हणता, ‘बरंय की’. ४८ मेगाहर्ट्झवर बोर्ड २०० मिलीअँपिअर घेत होता तेव्हा हेच भागत होतं. क्लॉक वाढवला, करंट वाढला आणि खड्डा उघडा पडला.

उपाय म्हणजे ८५ ते २६५ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) आणि पुढे चांगला कपॅसिटर. पण इथे खास आपल्याकडची एक अडचण आहे. शेतातल्या पुष्कळ पॅनेलमध्ये न्यूट्रल नसतोच, तीन फेज तेवढ्या येतात. मग सप्लाय दोन फेजमध्ये जोडला जातो आणि त्यावर ४१५ व्होल्ट येतात. २६५ चा एसएमपीएस तिथे पहिल्याच दिवशी फुटतो. तिथे दोन फेजवर चालेल असा, ४४० व्होल्ट सहज सोसणाराच सप्लाय लावा. न्यूट्रल असेल तरी तो तुटला की सिंगल फेजवर २३० च्या जागी कितीही येऊ शकतं. एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज गिळणारा भाग) आणि फ्यूज हे दोन्ही पाहिजेत. नुसता एमओव्ही पॅनेल काळं करतो.

६. १२ व्होल्टवरून थेट एएमएस१११७ रेग्युलेटरने ३.३ काढले तर काय बिघडतं?

गणित करा. १२ वजा ३.३ म्हणजे ८.७ व्होल्ट, आणि १५० मिलीअँपिअरला १.३ वॉट नुसती उष्णता. त्या छोट्या पॅकेजला पुरेसं तांबं नसेल तर दर वॉटला ९० अंश तापमान चढतं असं धरा. म्हणजे वर ११७ अंश. उन्हातल्या डब्यात हवाच ६० असेल तर आतलं सिलिकॉन १७७ वर जाऊ बघेल, आणि १२५ ची मर्यादा केव्हाच ओलांडून थर्मल शटडाउन होईल. थोडा गार झाला की परत चालू. लोक सॉफ्टवेअर तपासत बसतात.

१२ वरून ५ वर बकने (स्विचिंग कन्व्हर्टरने) या, मग ५ वरून ३.३. पण तिथेही लक्षात ठेवा, एएमएस१११७ ला पूर्ण भारावर १.३ व्होल्टपर्यंत फरक लागतो. ५ ची रेषा ४.६ च्या खाली गेली की ३.३ ची हमी संपली. लिथियम सेलवर तर तो लावूच नका, सेल निम्मा व्हायच्या आत तो हात टेकतो.

७. प्रत्येक पिनला कपॅसिटर खरंच लागतो? एक मोठा लावला तर?

लागतो. मोठा एक लांब असून उपयोग नाही. ड्रिपच्या लॅटरलचा हिशोब आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतो: हेडला प्रेशर भरपूर असलं तरी शेवटच्या ड्रीपरला मिळतं ते नळीतून जाता जाता उरलेलं. बोर्डवरची पातळ ट्रेस (तांब्याची रेघ) ही तशी नळी आहे, फक्त इथे अडथळा इंडक्टन्सचा. ढोबळमानाने १ मिलिमीटर ट्रेसला १ नॅनोहेन्री. कपॅसिटर १ सेंटिमीटर लांब असला तर १० नॅनोहेन्री. कोअरने १० नॅनोसेकंदात ३०० मिलीअँपिअर जास्त मागितले तर त्या ट्रेसवरच ०.३ व्होल्ट पडतात. १.२ व्होल्टच्या कोअरला हा चौथा हिस्सा झाला.

म्हणून प्रत्येक सप्लाय पिनजवळ १०० नॅनोफॅरड, अगदी पिनला चिकटून, आणि ग्राउंडचा व्हाया (थरांना जोडणारं छिद्र) कपॅसिटरच्या पॅडशेजारीच. जवळपास एखादा १० मायक्रोफॅरडचा. सिरॅमिकवर लिहिलेली किंमत शून्य व्होल्टची असते. लहान आकाराचा १० मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्म्याच्या आसपासही येऊ शकतो, म्हणून व्होल्टेज रेटिंग आणि आकार हात सैल सोडून निवडा. दोन थरांचा बोर्ड असेल तर खालचा थर शक्यतो अखंड ग्राउंडला द्या. जागा वाचवायला ग्राउंड तोडून ट्रेस नेलेले बोर्ड मला लांबूनच ओळखू येतात.

८. व्होल्टेजचा हा खड्डा दिसणार कसा? मल्टीमीटरवर ३.३ च येतात.

स्कोप (ऑसिलोस्कोप) लागेल. नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बोर्ड घेऊन जा, कोणी नाही म्हणत नाही. प्रोबची ती लांब काळी ग्राउंड वायर काढून टाका, ती अँटेना आहे. छोटी स्प्रिंग लावा आणि रेग्युलेटरपाशी मोजू नका, चिपच्या पिनवरच्या कपॅसिटरवर मोजा. रिपल बघायचा तर स्कोपची २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू, चटकन येणारा खड्डा पकडायचा तर बंद. ट्रिगर उतरत्या काठावर ३.० व्होल्टला, सिंगल शॉट. मग मोटार किंवा कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा रिले) चालू करा. स्कोप थांबला की खड्ड्याची खोली आणि रुंदी समोर असते. मिलीसेकंदांचा असेल तर सप्लाय किंवा मोठा कपॅसिटर कमी पडतोय, नॅनोसेकंदांचा असेल तर लेआउट आणि नॉइज.

९. रास्पबेरी पायवर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

नाही. ५ व्होल्टची रेषा ४.६३ च्या खाली गेली की ते येतं, आणि तेव्हा पाय स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे १.५ गिगाहर्ट्झचे पैसे दिले आणि चालतोय कमीवर. दोष पुष्कळदा वायरीचा. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरला ०.२१ ओहम. जायची-यायची धरून १ मीटर केबलला ०.४३. त्यातून १ अँपिअर गेला की ०.४३ व्होल्ट वाटेतच. ५.१ चे ४.६७ झाले, थोडा करंट वाढला की चिन्ह हजर. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. मोबाइलचा चार्जर आणि टपरीवरची केबल त्याला पुरत नाही.

व्हीसीजेनसीएमडी (vcgencmd) कमांडने थ्रॉटलची (वेग उतरवला का याची) स्थिती विचारता येते. शून्य आलं तर सगळं ठीक. बिट ० म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे, बिट १६ म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी झालं होतं. साइटवरून परत निघण्याआधी हा दुसरा बिट बघून निघा.

१०. लिनक्सच्या बोर्डवर गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ला ठेवला की काम संपलं ना?

गव्हर्नर म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधला वेग ठरवणारा भाग. ‘परफॉर्मन्स’ने कोअर कोष्टकातल्या वरच्या पायरीवर राहतो, कोष्टक बदलत नाही. पायऱ्या डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डवर काय जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) ऑपरेटिंग पॉइंटच्या यादीत असतात: एवढे हर्ट्झ, एवढे मायक्रोव्होल्ट. कर्नल वर जाताना आधी पीएमआयसीला (पॉवर सांभाळणारी चिप) आयटूसीवरून (दोन तारांची जोडणी) व्होल्टेज चढवायला सांगतो, ते स्थिर व्हायला वेळ देतो, मग वेग वाढवतो. उतरताना आधी वेग, मग व्होल्टेज. स्वतः बनवलेल्या बोर्डवर कोअरचा रेग्युलेटर डिव्हाइस ट्रीत सीपीयूला जोडायचा राहून गेला तर वेग चढतो आणि व्होल्टेज होतं तिथेच राहतं. तो बोर्ड रिकामा असताना गुणी असतो आणि भार पडला की कोसळतो.

११. ईएसपी३२ वर ‘ब्राउनआउट’चा मेसेज येतो. डिटेक्टर बंद केला की येत नाही, मग बंदच ठेवू का?

ब्राउनआउट म्हणजे चालण्याइतकं व्होल्टेज न उरणं. घरात धूर झाल्यावर अलार्मची वायर कापणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण हे करणारे रोज भेटतात. वायफाय पाठवताना ईएसपी३२ झटक्याने करंट ओढतो, म्हणून ५०० मिलीअँपिअर किंवा जास्त देणारा सप्लाय सांगितलेला असतो. तो द्या.

उलट काही ठिकाणी डिटेक्टर कडक करावा लागतो. आर्डुइनो ऊनोमध्ये ब्राउनआउटची पातळी २.७ व्होल्टला लावून येते. १६ मेगाहर्ट्झला मात्र जवळपास ३.८ लागतात. या दोन्हींच्या मध्ये चिप ना मरते ना शुद्धीत असते, आणि ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणारी मेमरी) कचरा लिहिते. शेतकऱ्याने लावलेलं वेळापत्रक लाइट गेल्यावर पुसलं जातं, ते असं. ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर चिपचा फ्यूज (आतली सेटिंग, तारेचा फ्यूज नव्हे) बदलून पातळी ४.३ करा.

१२. मे महिन्यातच बोर्ड बंद का पडतात?

भुसावळ-जळगावला सावलीत ४५ असताना पत्र्याच्या डब्यात किती, ते हात लावून बघा. तापलं की नेहमीच्या व्होल्टेजवर सिलिकॉन मंदावतं आणि गळती करंट वाढतो. डिसेंबरात जो वेग काठावर चालत होता तो मेमध्ये काठाखाली जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात ते वेगळंच: दर १० अंशांना आयुष्य निम्मं. १०५ अंशांचे घ्या. चिप ० ते ७० वाली की उणे ४० ते ८५ वाली, हे बिलावर बघून घ्या. डबा पांढरा, उत्तरेच्या भिंतीला, आणि रेग्युलेटर खाली न ठेवता वरच्या बाजूला, म्हणजे त्याची धग बाकीच्यांना लागत नाही. पंखा बसवू नका, जिनिंगच्या धुळीत तो हंगामभरही टिकत नाही.

१३. कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड हँग होतो, चालू होताना काही होत नाही.

हे व्होल्टेज कमी पडणं नव्हे. कॉइल सोडताना मारलेला झटका आहे. कॉइलवरच, तिच्या टर्मिनलपाशी, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (थेट लाइनवर चालणाऱ्या) कपॅसिटरचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावा. डीसी रिलेला उलटा डायोड. सेन्सरच्या वायरी मोटारीच्या केबलबरोबर एका पाइपातून नेल्या असतील तर त्या वेगळ्या करा, मग पुढचं बोलू.

१४. रीसेट लाइटमुळे झाला की कोडमुळे, कसं कळणार?

चिपच लिहून ठेवते. एसटीएम३२ मध्ये रीसेटच्या कारणाचे फ्लॅग असतात: पॉवर, पिन, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर रीसेट देणारा टायमर). सुरुवातीलाच वाचा, साठवा आणि पुसा. पुसले नाहीत तर जुनेच दिसत राहतात. डिस्प्लेच्या सेवा पानावर शेवटचं कारण दाखवलंत तर वायरमनशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

१५. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी वाढवलेला क्लॉक कसा पारखायचा?

क्लॉक खरंच किती आहे ते एमसीओ पिनवर काढून मोजा. क्रिस्टलची किंमत चुकीची लिहिल्यामुळे ७२ समजून १०८ वर पळणारे बोर्ड असतात. मग फ्लॅशचा सीआरसी (डेटा बिघडला का हे सांगणारा आकडा) आणि रॅमची चाचणी सतत फिरवत ठेवा, सोबत रेडिओ, डिस्प्ले, रिले सगळं चालू. बदलता येणाऱ्या सप्लायने व्होल्टेज हळूहळू खाली आणा आणि चाचणी कुठे चुकते तो आकडा लिहा. तोच खेळ बोर्ड हॉट एअरने ७० अंशांच्या आसपास तापवून करा. ब्राउनआउटची पातळी या दोन्ही आकड्यांच्या वर असली पाहिजे. खाली आली तर क्लॉक एक पायरी उतरवा, गिऱ्हाइकाला फरक कळतही नाही.

मोटारीच्या पॅनेलसाठी शेवटी व्हेरिअॅक (एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून १६० व्होल्टवर कॉन्टॅक्टर पुन्हा पुन्हा ओढायला लावतो आणि रीसेटचा आकडा शून्यच राहतो का ते बघतो. व्हेरिअॅक नसेल तर लाइनच्या टोकाचा एखादा ओळखीचा पंप शोधा, संध्याकाळी सातच्या सुमाराला तिथे तो फुकट मिळतो.